व्हेनिसचा पांढरा मुखवटा

गेल्या फेब्रुवारींत आमच्या घरीं मुलांची एक मेजवानी झाली. हल्लीं अशा मेजवान्यांना एखादी कल्पना ठरवावी लागते, आणि मग पोशाख, पताका, फार काय, खाण्याचे पदार्थही त्या कल्पनेस धरून योजावे लागतात. आमच्या पुतणीनें व्हेनिसच्या कार्निव्हलची कल्पना निवडली आणि मुखवटे दुकानांतून आणावयाचे नाहींत, घरींच करावयाचे, असा हट्ट धरला. घरांत मोकळा वेळ असलेलें माणूस एकच असल्यामुळें तें काम आमच्याकडे आलें. पुढें आठ दिवस आमच्या लिहिण्याच्या मेजावर मैद्याची खळ, वर्तमानपत्रांचे कपटे व फुगवलेले फुगे यांचें राज्य होतें. पहिले चार मुखवटे नीट वाळण्याआधींच फुग्यावरून सोडविल्यामुळें पापडासारखे वाकले; पुढच्या दोहोंस बुरशी धरली. शेवटीं जुनीं पुस्तकें बांधून देणारे एक वृद्ध गृहस्थ मदतीस आले. त्यांनीं दोनच गोष्टी सांगितल्या: कागद कात्रीनें कापूं नये, हातानें फाडावा, म्हणजे फाटलेली कड शेजारच्या कपट्यांत मिसळून जाते, आणि एक थर पुरता वाळल्यावांचून दुसरा चढवूं नये. त्यांच्या उपदेशाप्रमाणें वागल्यावर बारा मुखवटे उभे राहिले.

हात खळींत गुंतले असतां डोकें मोकळें असतें. ज्या शहराच्या नांवानें हा खटाटोप मांडला होता तेथील लोक मुखवटे कां घालीत असत, हा प्रश्न त्या आठवड्यांत आमच्या मनांत आला. आमची समजूत चारचौघांसारखीच होती. मुखवटा म्हणजे लपवाछपवी. व्हेनिस म्हणजे विलासी, जुगारी व हेरांनीं भरलेलें शहर. तेव्हां तेथें मुखवटे असावयाचेच! परंतु या विषयावरचें जें वाचन पुढें घडलें त्यानें ही समजूत बरीचशी मोडून टाकली. व्हेनिसच्या लोकांनीं अठराव्या शतकांत जो मुखवटा सर्वांत अधिक वापरला तो राजाचा नव्हता, राक्षसाचा नव्हता, विदूषकाचाही नव्हता. तो कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच तो सर्वांना चालला.

प्रथम सणाविषयीं थोडेसें. 'कार्निव्हल' या शब्दाची फोड 'मांस बाजूस सारणें' अशी करतात. ईस्टरपूर्वींचे चाळीस दिवस ख्रिस्ती लोकांनीं व्रताचे मानले. तें व्रत लागण्याच्या आधीं खाऊन-पिऊन घ्यावें ही त्यामागची साधी मनुष्यबुद्धि. ज्यांच्या घरीं मांसाहार चालतो असे आपल्याकडील लोक श्रावण लागण्यापूर्वीं आषाढाच्या अमावास्येस जें करतात त्याहून हें फारसें निराळें नाहीं. व्हेनिसनें एका दिवसाचे महिने केले, इतकेंच. गोव्यांत हा सण पोर्तुगीजांबरोबर आला व 'इंत्रूज' या नांवानें रुजला. पीठ व रंगीत पाणी यांची फेकाफेक करीत तो गल्लोगल्लीं चाले. मोमो राजाच्या चित्ररथांची जी मिरवणूक हल्लीं तेथें निघते तिची प्रथा मात्र १९६५ सालची, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरची आहे.

व्हेनिसच्या कागदपत्रांत या उत्सवाचा उल्लेख १०९४ सालीं, दोजे व्हिताले फालिएर याच्या कारकीर्दींत सांपडतो. (दोजे म्हणजे सरदारांनीं निवडलेला तेथील राज्यप्रमुख.) १२९६ सालीं व्रतापूर्वींचा शेवटचा दिवस सार्वजनिक सुटीचा ठरला. मुखवट्याची गांठ मात्र प्रथम पडते ती एका मनाईहुकुमांत. २ मे १२६८ रोजीं निघालेल्या या हुकुमानें मुखवटे घातलेल्या पुरुषांस अंड्यांचा खेळ खेळण्याची बंदी केली. हा खेळ म्हणजे गुलाबपाणी भरलेलीं अंडीं बायकांच्या अंगावर फेकणें. आमच्या मतें कोणत्याही रूढीचा विश्वसनीय इतिहास पाहिजे असल्यास तिच्याविरुद्ध निघालेले हुकूम वाचावे. कारण लोक जें करीत नाहींत त्याची बंदी करण्याच्या भानगडींत कोणतेंही सरकार पडत नाहीं. १३३९ सालीं मुखवटा घालून रात्रीं हिंडण्यास बंदी झाली, याचा अर्थ लोक रात्रीं हिंडत होते. १४५८ सालीं पुरुषांनीं बायकांचा वेष घेऊन जोगिणींच्या मठांत शिरूं नये असा हुकूम निघाला; त्याचा अर्थ सांगण्याची गरज नाहीं. १६०८ सालीं तर 'दहांचें मंडळ' या नांवाची जी तेथील जबरदस्त संस्था, तिनेंच या प्रकरणांत हात घातला व ठराविक दिवस सोडून एरव्हीं मुखवटा घालणारास तुरुंग, दंड आणि जंगी गलबतांवर वल्हीं मारण्याची सजा ठरविली. चारशें वर्षें सरकार मुखवट्यामागें धांवत होतें. पुढें तें दमलें, आणि जें थांबवितां येत नाहीं त्यास नियम लावून द्यावा या शहाणपणावर आलें. अठराव्या शतकांत आक्टोबराच्या आरंभापासून नाताळच्या सुमारापर्यंत, पुन्हां २६ डिसेंबरापासून व्रत लागेपर्यंत, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं येणाऱ्या स्वर्गारोहणाच्या सणास पंधरा दिवस अशी मोकळीक होती. वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग हें शहर मुखवट्यांत वावरत असे.

इतके मुखवटे करीत कोण होते? इतिहासांत घालणारांचीं वर्णनें पुष्कळ, करणारांचीं थोडीं. ही तक्रार कोणत्याही देशाच्या इतिहासाविषयीं करतां येईल. तरी एक गोष्ट निश्चित आहे. 'मास्कारेरी', म्हणजे मुखवटे करणारे कारागीर, यांची नियमावली १० एप्रिल १४३६ ची आहे. आपल्या प्राचीन ग्रंथांतून कारागिरांच्या ज्या श्रेणी आढळतात तशाच संघटना व्हेनिसमध्यें होत्या. मुखवटेवाले चित्रकारांच्या श्रेणींत मोडत. ज्या संस्थेंत देवळांच्या भिंती व वेदीवरचीं चित्रें रंगविणारे, तींतच सणाचीं तोंडें रंगविणारे! याचा आम्हांस आनंद वाटला. आपल्याकडे गणपति घडविणारा मूर्तिकार व नाटकाचे पडदे रंगविणारा चितारी यांच्यांतही पुष्कळदां घराण्याचें नातें असतें.

त्यांची रीत आमच्या फुग्याच्या रीतीहून उलटी होती, आणि ती वाचल्यावर आमचे मुखवटे ओबडधोबड कां झाले तें कळलें. आम्ही फुग्याच्या बाहेरून कागद चिकटवीत होतों, त्यामुळें प्रत्येक थरानें नाक अधिक बोथट व डोळे अधिक उथळ होत गेले. व्हेनिसचा कारागीर प्रथम मातीचा चेहरा घडवी. त्यावर प्लास्तर ओतून त्याचा उलटा साचा घेई, म्हणजे नाकाच्या जागीं खळगा व डोळ्यांच्या जागीं उंचवटा. मग भिजवलेल्या, खळ लावलेल्या लोकरीसारख्या मऊ कागदाचे तुकडे तो साच्याच्या आंतून दाबून बसवी. बाहेरून दिसणारी बाजू साच्याला टेकलेली असल्यामुळें थर कितीही चढले तरी चेहऱ्याची रेघ बिघडत नाहीं. सारा ओबडधोबडपणा आंतल्या बाजूस, घालणाराच्या गालाशीं राहतो. वाळल्यावर कागद थोडा आकसतो व साच्यापासून आपोआप सुटतो. त्यानंतर डोळे कापणें, घासणें, प्लास्तर व सरस यांचा पांढरा हात देणें, पुन्हां घासणें, आणि सरतेशेवटीं रंग व मेण. एका साच्यांतून शेंकडों चेहरे निघत, आणि ते सारे एकसारखे असत. नाटकांतील मुखवट्यांची तऱ्हा वेगळी. ते कातड्याचे असत. लांकडी चेहऱ्यावर ओलें कातडें ताणून, ठोकून बसवीत. त्यांचें शिल्प कागदापेक्षां वरचढ मानतात, पण आमचा विषय रस्त्यावरचा मुखवटा हा आहे.

तो मुखवटा म्हणजे 'बाउता'. खरें पाहतां बाउता हें सबंध सोंगाचें नांव. डोकें, कान व खांदे झांकणारें काळें रेशमी वा लेसचें टोपरें, वर तीन कोनांची काळी टोपी, अंगावर लांब काळा झगा, आणि तोंडावर पांढऱ्या मेणकापडाचा किंवा कागदाचा एक चेहरा. या चेहऱ्यास 'लार्वा' म्हणत, व त्या लातिन शब्दाचा अर्थ भूत. त्याला भाव नाहीं. तो हंसत नाहीं, रडत नाहीं, रागावत नाहीं. कपाळ रुंद, नाक ठसठशीत, आणि वरचा ओठ पन्हाळीसारखा पुढें येऊन तेथेंच संपलेला. खालीं हनुवटी नाहींच. ही रचना सौंदर्यासाठीं नव्हती. त्या पुढें आलेल्या ओठाखालून मनुष्यास मुखवटा न काढतां खातां-पितां येई, आणि आवाज त्या पोकळींत घुमून बदलून जाई. पुरुष बाउता घालीत, स्त्रियाही घालीत. सरदार घालीत, वकील घालीत, दुकानदार घालीत. एकमेकांस भेटतांना सर्वजण एकच अभिवादन करीत, "सिओरा मास्केरा", म्हणजे 'बाई मुखवटा'. टोपीखालीं मिशा असल्या तरी संबोधन बाईचेंच!

आतां असें विचारतां येईल कीं, यानें कोण कोणास फसवीत होता? शेजारी शेजाऱ्याची चालण्याची ढब ओळखतो. नोकर धन्याचे जोडे ओळखतो. लहानशा, पाण्यानें वेढलेल्या, अरुंद गल्ल्यांच्या शहरांत तर ओळख लपतच नाहीं. जेम्स जॉन्सन या इतिहासकारानें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'व्हेनिस इन्कॉग्निटो' या ग्रंथांत हाच मुद्दा उचलला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, बाउता घालणारास कोणी ओळखूं नये अशी अपेक्षा नसे. ओळखलें तरी तसें दाखवूं नये एवढीच असे. व्हेनिसच्या सरदारांना परकी राज्यांच्या वकिलांशीं बोलण्याची सक्त मनाई होती. अमात्य मंडळांतील मनुष्य परक्या वकिलाशेजारीं नाटकगृहांत उघड्या तोंडानें बसला असतां त्याच्यावर बालंट येतें. तेच दोघे बाउता घालून बसले तर तेथें सरदार नव्हता व वकीलही नव्हता, दोन मुखवटे होते. राज्याच्या समारंभांतही सरदार याच वेषांत दिसत.

मराठी वाचकांस हें समजावयास कठीण जाऊं नये. आमच्या आजोळच्या घरीं सून सासऱ्याशीं थेट बोलत नसे. माजघरांतून ती लहान मुलास उद्देशून म्हणे, "आजोबांना विचार, भाकरी वाढूं का?" आणि ओसरीवरून आजोबा त्या मुलासच उत्तर देत. मूल तेव्हां अंगणांत असलें तरी चाले. दोघांनाही दुसरा ऐकतो आहे हें पूर्ण ठाऊक असे. त्या आडपडद्यामुळें मर्यादा राहून बोलणें मात्र होई. बाउता हा असा आडपडदा होता. एरव्हीं ज्यांना परस्परांशीं बोलतां आलें नसतें त्यांस तो बोलूं देत असे, आणि बोलणें संपल्यावर प्रत्येकजण आपापल्या पायरीवर परत जाई. जॉन्सनचा निष्कर्ष म्हणूनच थोडा कठोर आहे: मुखवट्यानें उच्चनीचता मोडली नाहीं, उलट ती टिकविण्यास मदत केली. आम्ही या निष्कर्षास अर्धेंच संमति देतों. पायरी मोडली नाहीं हें खरें. परंतु वर्षांतले सहा महिने कोळ्याच्या व सरदाराच्या तोंडास एकच चेहरा शोभतो असें ज्या शहरानें रोज डोळ्यांनीं पाहिलें, त्याच्या मनावर कांहींच परिणाम झाला नसेल असें म्हणणें आमच्या जिवावर येतें.

आपल्या भाषेंत 'मुखवटा' हा शब्द एकाच वेळीं निंदेचा व पूजेचा आहे. 'त्याचा मुखवटा गळून पडला' असें आपण म्हणतों, आणि भाद्रपदांत गौरीचा मुखवटा फडताळांतून काढून हळदकुंकू लावून बसवितों. खड्यांच्या गौरींना चेहरा नसतो. मुखवट्याच्या गौरींना मुखवटा हाच चेहरा. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यांतही सोंग घेणारा देवतेचा भला थोरला मुखवटा चढवून रात्रभर नाचतो. हा अमक्याचा मुलगा हें सर्व गांवास ठाऊक असतें आणि तरीही लोक हात जोडतात. लातिन भाषेंत नाटकांतल्या मुखवट्यास 'पेर्सोना' म्हणत व त्याच शब्दापासून युरोपीय भाषांत 'व्यक्ति' या अर्थाचे शब्द निघाले. मुखवटा म्हणजे खोटेपणा, एवढ्यावरच समाधान मानणाऱ्या लोकांनीं या गोष्टींचा विचार करावा.

स्त्रियांचा आणखी एक मुखवटा होता, त्याविषयीं मात्र आम्हांस प्रेम वाटत नाहीं. 'मोरेत्ता' हें त्याचें नांव. काळ्या मखमलीची लंबगोल चकती, डोळ्यांस दोन भोंकें, तोंडास भोंक नाहीं, आणि बांधावयास दोरीही नाहीं. आंतल्या बाजूस एक बटण असे, तें दांतांनीं धरून ठेवावयाचें. म्हणजे जोंवर मुखवटा तोंडावर तोंवर बोलणें बंद. आणि बोलावयाचें तर चेहरा उघडा करावयाचा. कित्येक लेखकांना यांत मोठा शृंगार दिसला आहे. ते सर्व पुरुष आहेत.

हा मोरेत्ता पाहावयाचा असल्यास पिएत्रो लोंगी या चित्रकाराचें १७५१ चें चित्र पाहावें. व्हेनिसमध्यें त्या कार्निव्हलांत एक गेंडा आणला होता. चित्रांत तो पुढें गवत खात उभा आहे. रखवालदाराच्या हातीं त्याचें गळून पडलेलें शिंग. मागें लांकडी ओट्यावर प्रेक्षक, त्यांत पांढऱ्या बाउत्यांतले व मोरेत्ता घातलेली एक स्त्री. गेंड्याकडे कोणी लक्ष देऊन पाहत आहे असें वाटत नाहीं. तो गेंडा, खरें म्हणजे ती मादी, आपल्याकडचीच! आसामांत पिल्लू असतां ती पकडली गेली; बंगालमधील एका डच अधिकाऱ्याच्या घरीं माणसाळली; १७४१ सालीं एका डच खलाशानें तिला गलबतावर घालून रॉटरडॅमला नेली, आणि पुढें सतरा वर्षें युरोपभर मिरविली. तिचें नांव 'क्लारा' ठेवलें होतें. मुखवट्यांच्या त्या गर्दींत ब्रह्मपुत्रेकांठचा तो मुका, शिंग हरवलेला जीव पाहून आमच्या मनास जें वाटलें तें कार्निव्हलच्या वर्णनांत बसत नाहीं. म्हणून येथेंच सोडतों.

मुखवट्याच्या समतेस एक मर्यादा होती, ती पैशाची. १६३८ सालीं सान मोइजे येथील एका वाड्यांत सरकारी देखरेखीखालीं 'रिदोत्तो' नांवाचें जुगारगृह उघडलें. आंत जाणारानें मुखवटा घातलाच पाहिजे असा नियम. उघड्या तोंडानें बसत ते पत्ते वांटणारे, आणि हे असत सरदार. पुष्कळदां सान बार्नाबा वस्तींतले दरिद्री सरदार, ज्यांना लोक हेटाळणीनें 'बार्नाबोत्ती' म्हणत. जगाच्या उलट न्याय! पाहुणे झांकलेले आणि कुलीन उघडे. तेथें कोणाची जात, धंदा, वय कांहीं विचारीत नसत. परंतु आपल्याकडे म्हणतात तसें, सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं. रात्रभरांत घराणीं बुडूं लागलीं, आणि १७७४ सालीं व्हेनिसच्या महासभेनें रिदोत्तो बंद केलें. बुडालेल्यांची गति काय? त्यांच्यापैकीं कित्येक मुखवटा घालूनच रस्त्यावर भीक मागत. भिकाऱ्यासही आब राखण्याची सोय त्या शहरानें ठेविली होती. याला कोणी दंभ म्हणेल. आम्हांस तें धैर्य होत नाहीं.

याच काळांत कार्लो गोल्दोनी हा नाटककार रंगभूमीवरचे मुखवटे उतरवीत होता. कातड्याचे मुखवटे घालून, ऐन वेळीं सुचेल तें बोलणारीं पांतालोने, आर्लेकिनो इत्यादि ठराविक पात्रें त्यास कंटाळवाणीं झालीं होतीं. नटाचा चेहरा दिसावा, त्यानें लिहिलेलें बोलावें, पात्रें आपल्या शेजाऱ्यांसारखीं असावीं, असा त्याचा आग्रह. त्यापायीं १७५० च्या हंगामासाठीं त्यानें एका वर्षांत सोळा नाटकें देण्याचें वचन दिलें व पुरें केलें. आतां प्रेक्षागृहाची कल्पना करा. रंगभूमीवर उघडे, हलणारे, खरे चेहरे. आणि त्यांच्याकडे पाहणारे पांढऱ्या, निर्विकार मुखवट्यांच्या रांगा. गोल्दोनीस विरोधही झाला. कार्लो गोत्सी यानें १७६१ सालीं जुने मुखवटे पुन्हां रंगभूमीवर आणून टाळ्या घेतल्या, व पुढच्याच वर्षीं गोल्दोनी पॅरिसला निघून गेला तो परत आला नाहीं.

हल्लींच्या दुकानांतून जो लांब चोंचीचा मुखवटा सर्वांत अधिक खपतो त्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या पुतणीलाही तोच हवा होता. त्याचा उगम सणाचा नव्हे. सतराव्या शतकांत प्लेगच्या रोग्यांना पाहावयास जाणारे वैद्य चोंचींत सुगंधी वनस्पति भरून तें तोंड घालीत. दूषित हवेनें रोग होतो अशी तेव्हांची समजूत होती. या पोशाखाचें श्रेय शार्ल द लोर्म या फ्रेंच वैद्यास देतात. १६३० च्या प्लेगांत व्हेनिसचा सुमारें तिसरा हिस्सा मेला. त्या भीतीचें आज खेळणें झालें आहे. २०२० च्या फेब्रुवारींत साथीच्या भयानें व्हेनिसचा कार्निव्हल दोन दिवस आधीं आटोपता घ्यावा लागला, तेव्हां रस्त्यांत चोंचीचे मुखवटे घातलेले प्रवासी होतेच.

बाउत्याचा शेवट १७९७ सालीं झाला. नेपोलियनची फौज दाराशीं आली असतां १२ मे रोजीं महासभेनें मतें घेऊन स्वतःचेंच विसर्जन केलें, आणि हजार वर्षांचें तें प्रजासत्ताक एका दुपारीं संपलें. प्रथम फ्रेंच, मग ऑस्ट्रियन. नव्या धन्यांना रस्त्यावरचा मुखवटा नको होता, आणि त्याचें कारण उघड आहे: ज्याचें राज्य लोकांनीं मानलेलें नाहीं त्याला लोकांचीं तोंडें पाहण्याची फार गरज असते. मुखवटे राहिले ते खाजगी घरांतल्या मेजवान्यांत व नृत्यसमारंभांत. आमंत्रण दिलेल्या, यजमानाच्या ओळखीच्या, एकाच पायरीवरच्या लोकांनीं आपसांत मुखवटे घालावयाचे, अशी रीत पडली. घरच्या मेजवानींतला मुखवटा हा या पराभवाचा वारस आहे, आणि त्याची प्रकृतिही म्हणूनच बदललेली दिसते. रस्त्यावर सर्वांचा एकच चेहरा होता. घरांत शिरल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याहून निराळा, अधिक सोनेरी, अधिक पिसें लावलेला चेहरा पाहिजे झाला. १९७९-८० च्या सुमारास व्हेनिसनें कार्निव्हलचें पुनरुज्जीवन केलें, तरुण कलावंतांनीं जुने साचे अभ्यासून कागदाच्या मुखवट्यांचीं दुकानें पुन्हां थाटलीं, तेव्हां परत आला तो हा निराळेपणाचा मुखवटा. काम सुंदर आहे. शेजारच्याच दुकानांत परदेशांतून आलेले प्लास्टिकचे मुखवटे त्याच्या दशांश किंमतीस मिळतात, ही त्या कारागिरांची आजची विवंचना आहे.

आमच्या बारा मुखवट्यांकडे परत येऊं. आम्हांस चित्रकला येत नाहीं. त्यामुळें पिसें, सोनेरी वर्ख, चोंची यांचा बेत रद्द होऊन सर्व मुखवट्यांस एकच पांढरा हात दिला गेला. मुलें प्रथम हिरमुसलीं. पाहुणीं अकरा आलीं. बारावा मुखवटा उरला तो पुतणीनें आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंच्या मुलास दिला. तो आईबरोबर आला होता व स्वयंपाकघराच्या दाराशीं उभा होता. जुन्या चादरी अंगावर घेऊन बारा पांढरीं तोंडें दिवाणखान्यांत फिरूं लागलीं, आणि कोण कोण आहे हें ओळखण्याचा खेळ सुरू झाला. तो मुलगा आवाज बदलण्यांत पटाईत निघाला. त्यास कोणी डॉक्टरांचा मुलगा म्हटलें, कोणी वरच्या मजल्यावरचा म्हटलें; अर्धा तास तोच सर्वांचा पुढारी होता, व बाकीचीं मुलें त्याच्यामागून रांगेनें गच्चीवर जाऊन आलीं.

मग पुऱ्या व श्रीखंड यांचीं ताटें आलीं. आमचे मुखवटे फुग्यावर केलेले. त्यांस हनुवटी होती, आणि ती तोंडाशीं घट्ट बसत होती. खावयाचें तर मुखवटा काढणें भाग होतें. सर्वांनीं काढले. त्या मुलानेंही काढला, खुंटीस नीट अडकविला, आणि कोणी कांहीं सांगण्याच्या आधींच आपलें ताट उचलून तो स्वयंपाकघरांत आईजवळ गेला. पुतणी त्यास बोलावून घेऊन आली. तो आला, पंक्तीच्या शेवटीं बसला, आणि जेवण होईतों एक शब्द बोलला नाहीं. समोरच्या खुंटीवर त्याचा मुखवटा लोंबत होता.

येत्या वर्षासाठीं आम्ही फुगा सोडून मातीचा चेहरा घडविला आहे. त्यास हनुवटी ठेविली नाहीं. वरचा ओठ चांगला तीन बोटें पुढें काढला आहे. तो सध्यां खिडकींत सांवलीला ठेवला आहे. माती अजून ओली आहे. वाळली म्हणजे प्लास्तर ओतावयाचें.